स्वतःचीच कॉपी केली म्हणून केस!

‘फॉरेस्ट गम्प’ पाहिलाय ना? फॉरेस्ट हेलिकॉप्टरमधून व्हिएतनाममध्ये पोहोचतो, तेव्हा मागे एक खरखरीत, चिडलेला आवाज वाजत असतो. ते गाणं ‘फॉर्च्युनेट सन’ आणि तो आवाज जॉन फोगर्टीचा. तुम्ही गाणी करत असाल, रील्स बनवत असाल किंवा नुसतंच ‘आय अ‍ॅग्री’वर न वाचता टिचकी मारत असाल, तर या माणसाची गोष्ट तुमच्यासाठीच आहे.

फोगर्टीचा जन्म १९४५चा, कॅलिफोर्नियातल्या बर्कलेचा. थोरला भाऊ टॉम आणि शाळेतले दोन मित्र यांच्यासोबतचा त्याचा बँड पुढे ‘क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल’ म्हणून गाजला. गाणी लिहिणारा, चाली बांधणारा आणि गाणारा मुख्यतः जॉनच. त्याचा वेग बघा! १९६९ या एका वर्षात तीन अल्बम, वर वुडस्टॉकच्या स्टेजवर हजेरी. गंमत म्हणजे त्यांची पाच गाणी अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड’ यादीत दुसऱ्या नंबरपर्यंत गेली, पहिल्यावर मात्र एकही नाही.

पण खरी गोची वेगळीच होती. विशीतल्या या पोरांनी ‘फँटसी रेकॉर्ड्स’शी जो करार केला, त्यात गाण्यांचे हक्क कंपनीकडे गेले. १९७२ मध्ये बँड फुटला, करार मात्र मानगुटीवर बसून राहिला. त्यातून सुटण्यासाठी फोगर्टीनं जुन्या रेकॉर्ड्सच्या रॉयल्टीवर पाणी सोडलं. शिवाय ती गाणी स्टेजवर गाणंच बंद केलं. आपण गायचं आणि पैसे दुसऱ्यानं मोजायचे, हे त्याला सहन होईना.

१९८५ मध्ये ‘सेंटरफील्ड’ या अल्बमनं त्याचं जोरदार कमबॅक झालं आणि ‘फँटसी’नं केस ठोकली. कशाबद्दल? नवं गाणं त्याच्याच १९७०च्या गाण्यासारखं वाटतं म्हणून! म्हणजे फोगर्टीनं फोगर्टीची कॉपी केली. १९८८ मध्ये तो कोर्टात गिटार घेऊनच गेला. साक्ष देता देता दोन्ही गाण्यांतला फरक त्यानं ज्युरीला वाजवून दाखवला आणि केस जिंकला. वकिलांच्या फीसाठी तो पुढे सुप्रीम कोर्टापर्यंत भांडला. १९९४चा तो निकालही त्याच्याच बाजूनं लागला. कॉपीराइटच्या खटल्यांत तो आजही दाखला म्हणून दिला जातो.

जुन्या गाण्यांशी त्याची दिलजमाई कशी झाली, तेही भारीच. १९८७ मध्ये एका क्लबमध्ये बॉब डिलन आणि जॉर्ज हॅरिसन यांच्यासोबत तो स्टेजवर होता. डिलननं त्याला टोकलं, की तू ‘प्राउड मेरी’ गायला नाहीस, तर लोक ते टिना टर्नरचंच गाणं समजतील. तो गायला. त्याच वर्षी व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांसाठीच्या कार्यक्रमातही त्यानं जुनी गाणी गायली.

हक्क मात्र अजून दूरच होते. ‘फँटसी’ची मालकी बदलली, २००४ नंतर रॉयल्टी पुन्हा सुरू झाली. आणि २०२३ मध्ये, वयाच्या ७७व्या वर्षी, त्यानं आपल्या गाण्यांच्या प्रकाशन हक्कांतला मोठा वाटा परत मिळवला. गाणी लिहून तेव्हा पन्नासहून जास्त वर्षं उलटली होती! २०२५ मध्ये ऐंशीच्या फोगर्टीनं आपल्या मुलांना सोबत घेऊन तीच गाणी नव्यानं रेकॉर्ड केली.

तेव्हा दोस्तांनो, आज हेडफोन लावून फोगर्टी ऐकाच. आणि उद्या तुमच्या गाण्यासाठी, व्हिडिओसाठी किंवा डिझाइनसाठी कुणी कागद पुढे केला, तर सही करण्याआधी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. समजला नाही, तर समजणाऱ्याला दाखवा. एका सहीची किंमत चुकवायला फोगर्टीला अर्धशतक लागलं.