‘वेडाचं कारण : गांजा’

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

गांजाविषयी आपल्याकडे दोन मतं आहेत आणि दोन्ही ठाम आहेत. एक म्हणतं, झुरका मारला की माणूस वेडा झालाच. दुसरं म्हणतं, झाडपाला तो, त्यानं काय होतंय? पहिलं मत घरात ऐकू येतं, दुसरं कट्ट्यावर.

पहिल्या मताला सरकारी दप्तराचा आधार होता. १८९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात हिंदुस्थानातल्या गांजाचा प्रश्न निघाला आणि आयोग नेमला गेला. सात सभासद, त्यांत तीन हिंदी. त्यांनी देशभर फिरून ११९३ जणांच्या साक्षी नोंदवल्या आणि वेड्यांच्या इस्पितळांची दप्तरंही तपासली. तिथल्या नोंदवहीत ‘वेडाचं कारण’ असा एक खाना असे. रोग्याबरोबर पोलिसांकडून जो कागद येई, त्यावरून बहुधा तो भरला जाई. रोगी कधी काळी चिलीम ओढत होता एवढं कळलं, की कारण गांजा. १८९२ सालातली अशी २२२ प्रकरणं होती. आयोगानं एकेक उलगडून पाहिलं, तेव्हा त्यांतली ९८ उरली. दुसरं कुठलंच कारण दिसत नाही अशी होती ६१. बाकीच्यांचं खरं दुखणं काय होतं, हे त्या खान्यामुळे कुणी विचारलंच नव्हतं.

तो खाना आजही आपल्या डोक्यात आहे. पोरगा एकटा बडबडायला लागला, कानांत आवाज येतात म्हणू लागला, की घरचे खिसे तपासतात. पुडी सापडली की निदान झालं! आधी मारझोड, मग दर्गा किंवा देवऋषी, आणि डॉक्टर सगळ्यात शेवटी. कधी उलटंही असतं: आजार आधी सुरू झालेला असतो आणि ती बेचैनी दाबायला पोरगा चिलमीकडे वळलेला असतो. दोन्ही बाबतींत महिने वाया जातात, आणि या आजारात महिन्यांना किंमत असते.

मात्र कट्ट्यावरच्या मंडळींनी त्या आयोगाचा अहवाल प्रशस्तिपत्रक म्हणून मिरवू नये. तो प्रमाणात घेणाऱ्यांविषयी बोलतो. अतिरेकानं मन बिघडू शकतं, हेही त्यातच आहे. स्वीडनमध्ये सुमारे ४५ हजार तरुण सैनिकांची पंधरा वर्षं माहिती ठेवली गेली. ज्यांनी भरतीपूर्वी पन्नासहून अधिक वेळा गांजा-चरस घेतला होता, त्यांच्यात स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सहापट आढळलं, असा निष्कर्ष १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. इतर कारणांचा हिशेब धरल्यावर आकडा खाली आला, पण पुसला गेला नाही. धोका सगळ्यांना सारखा नसतो. कोवळ्या वयात सुरुवात, रोजचं ओढणं आणि घराण्यात मानसिक आजार, हे तिन्ही जिथं जमतं तिथं तो फार असतो.

‘सवय लागत नाही’ हेही खोटं. घेणाऱ्या साधारण दहांपैकी एकाला लागते. पंधरा-सोळाव्या वर्षी सुरू करणाऱ्यांत सहांपैकी एकाला. सोडल्यावर झोप उडते, भूक मरते, चिडचिड होते. दारू सोडताना थरथरतात तसे हात थरथरत नाहीत, म्हणून लोकांना ते व्यसन वाटत नाही, इतकंच. केंद्र सरकारच्या २०१९ च्या पाहणीनुसार गांजा, चरस, भांग यांच्यापायी मदतीची गरज असलेले लोक देशात सुमारे ७२ लाख होते.

कवी मंडळींचा एक खास गैरसमज आहे: तारेत सुचतं! सुचतं खरं. रात्री वाटतं, मीर-गालिब मागे पडले. सकाळी वहीत ‘आकाश’ हा शब्द चार वेळा लिहिलेला सापडतो.

आता भांग. ती वेगळी वनस्पती नव्हे. त्याच झाडाची पानं म्हणजे भांग, मादी झाडाचे फुलोरे म्हणजे गांजा आणि त्यांचा चीक म्हणजे चरस. धूर काही मिनिटांत चढतो. पोटात गेलेली भांग तास-दोन तास घेते. होळीला घोटाळा होतो तो इथंच. पहिल्या पेल्यानं काहीच झालं नाही म्हणून दुसरा घेतात, आणि मग दोन्ही एकदम चढतात. त्या स्थितीत स्कूटरला किक मारणारे दरवर्षी दिसतात. कायद्याचंही असंच अर्धवट माहीत असतं. १९८५ चा केंद्रीय कायदा नुसत्या पानांना गांजात धरत नाही, हे बरोबर; पण महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि भांग त्याच्या कक्षेत येते.

त्याच केंद्रीय कायद्यात ६४-अ हे कलम आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी स्वतः होऊन मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेऊ लागला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेतलं जातं. पोलीस येतील म्हणून पोराला इस्पितळात नेत नाही, असं म्हणणाऱ्या आईबापांना हे ठाऊक नसतं. व्यसनमुक्तीसाठी सरकारचा मोफत दूरध्वनी १४४४६ आहे, आणि त्यावर घरच्यांनीही बोललेलं चालतं.