वणवा विझल्यानंतर

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. ही म्हण आपण बहुधा परीक्षेत वाक्यात उपयोग करण्यापुरतीच पाठ करतो. परंतु मोठमोठ्या राष्ट्रांच्या कारभारातही तिचा प्रत्यय पदोपदी येतो. ऑस्ट्रेलियातील वणव्यांचा व त्यांच्या चौकशीचा इतिहास हे त्याचे एक ठळक उदाहरण होय.

या विषयाकडे आमचे लक्ष एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाने वेधले. मार्च २०२३ मध्ये गोव्यात म्हादई अभयारण्यात व इतरत्र डोंगरांवर वणवे लागले आणि ते विझविण्यासाठी नौदलाची व वायुदलाची हेलिकॉप्टरे पाणी घेऊन धावली. वर्गात त्याचीच चर्चा चालली होती. तेव्हा मागच्या बाकावरील एक मुलगा उठून म्हणाला, "सर, आग विझवतात ते कळले. पण विझल्यानंतर सरकार काय करते?" प्रश्न साधा, परंतु त्याचे उत्तर एका वाक्यात देणे आम्हांस जमले नाही. म्हणून ज्या देशाने या प्रश्नाशी सर्वांत अधिक झुंज घेतली, त्याची हकीकत येथे सांगत आहोत.

ऑस्ट्रेलियात उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत येतो. तेथील अरण्यांत निलगिरीच्या जातीचे वृक्ष विपुल. निलगिरीच्या पानांत तेल असते, हे सर्दी झाल्यावर तिचा वास घेणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. ही तेलकट पाने झपाट्याने पेटतात आणि झाडाच्या सालीच्या जळत्या पट्ट्या वाऱ्याबरोबर उडत जाऊन कित्येक किलोमीटर दूर नवी आग लावतात. त्यामुळे नदी किंवा रस्ता आडवा आला म्हणजे वणवा थांबेल, हा भरवसा तेथे धरता येत नाही.

१३ जानेवारी १९३९ हा दिवस व्हिक्टोरिया राज्याच्या इतिहासात 'काळा शुक्रवार' या नावाने नोंदला गेला. त्या वणव्यांत ७१ माणसे मृत्युमुखी पडली, सुमारे २० लाख हेक्टर भूमी जळाली आणि अरण्यातील अनेक लाकूडगिरण्या कामगारांच्या वस्त्यांसह भस्मसात झाल्या. सरकारने न्यायाधीश लेनर्ड स्ट्रेटन यांचा शाही आयोग नेमला. शाही आयोग म्हणजे सरकारने नेमलेली, परंतु सरकारच्या दडपणापासून मुक्त अशी चौकशी. साक्षीदारांना बोलावून शपथेवर साक्ष घेण्याचा तिला अधिकार असतो. मात्र एक मर्यादा विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात ठेवावी. आयोग शिफारस करतो. आज्ञा करीत नाही. अहवाल सादर झाला की आयोगाचे काम संपते. पुढचे सारे सरकारच्या इच्छेवर आणि लोकांच्या जागरूकतेवर अवलंबून राहते.

स्ट्रेटन यांनी स्पष्ट सांगितले की, या आगी बहुतांशी माणसांच्याच हातून लागल्या होत्या. अरण्यातील पालापाचोळा थंड ऋतूत काळजीपूर्वक थोडाथोडा जाळावा, गिरण्यांजवळ आसऱ्याची भुयारे असावीत, ग्रामीण भागातील आग विझविण्याची व्यवस्था एका अधिकाराखाली आणावी, अशा त्यांच्या शिफारशी होत्या. सरकारी अरण्यांपुरती काही सुधारणा लवकर झाली. परंतु ग्रामीण भागासाठी एकच अग्निशमन संस्था उभी राहण्यास १९४४ सालचे भीषण वणवे लागावे लागले. त्यानंतरच तिचा कायदा संमत झाला. मधल्या पाच वर्षांत शिफारस कागदावर होती. गावांजवळ मात्र आगच आली.

आता सत्तर वर्षे पुढे येऊ. ७ फेब्रुवारी २००९ रोजी मेलबर्न शहरात पारा ४६.४ अंशांवर चढला होता. त्या शनिवारी व्हिक्टोरियात लागलेल्या वणव्यांत १७३ जण प्राणांस मुकले, दोन हजारांहून अधिक घरे नष्ट झाली, किंगलेक आणि मेरीजव्हिल ही गावे उद्ध्वस्त झाली. न्यायमूर्ती बर्नर्ड टीग यांच्या अध्यक्षतेखालील शाही आयोगाने १५५ दिवस साक्षी ऐकल्या आणि जुलै २०१० मध्ये ६७ शिफारशी केल्या. त्यांतील तिघींची पुढे काय गत झाली, हे पाहिले म्हणजे आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते.

पहिली शिफारस विजेच्या तारांविषयी. सर्वांत अधिक बळी घेणारी किलमोर ईस्ट येथील आग विजेची एक जुनी तार तुटल्यामुळे लागली होती. धोक्याच्या प्रदेशातील जुन्या तारा बदलाव्यात, असे आयोगाने सुचविले. हे काम अत्यंत खर्चाचे. सर्व तारा एकदम बदलणे शक्य नव्हते. म्हणून काही ठिकाणी तारा भूमिगत केल्या किंवा आवरणयुक्त बसविल्या, तर ४५ वीज उपकेंद्रांत अशी यंत्रे बसविण्याचा नियम केला की, तार जमिनीवर पडताच तिच्यातील प्रवाह क्षणार्धात क्षीण व्हावा आणि ठिणगी पडू नये. या कामास अनेक वर्षे लागली, खर्चाचा भार वीजग्राहकांवरही पडला. तथापि शिफारशीचा हेतू येथे बव्हंशी साध्य झाला.

दुसरी शिफारस पालापाचोळा जाळण्याविषयी. दरवर्षी सरकारी भूमीपैकी निदान पाच टक्के भाग नियंत्रितपणे जाळावा, असे आयोगाने म्हटले. पाच टक्के म्हणजे सुमारे ३ लाख ९० हजार हेक्टर! असे जाळण्यास अनुकूल दिवस वर्षातून थोडेच मिळतात. फार ओलावा असला तर आग धरत नाही. फार कोरडे असले तर ती आवरत नाही. उद्दिष्ट गाठण्याच्या नादात वस्तीपासून दूरचा, जाळण्यास सोपा असा प्रदेश जाळला जाईल आणि गावालगतचा खरा धोका तसाच राहील, अशी शंका जाणकारांनी काढली. ऑक्टोबर २०१५ मध्ये लान्सफील्ड येथे अशी एक नियंत्रित आग हाताबाहेर जाऊन काही घरे जळाली. त्याच वर्षी सरकारने हेक्टरांचे उद्दिष्ट सोडून, लोकवस्तीचा धोका किती कमी झाला हे मोजण्याची पद्धत स्वीकारली. यावर मतभेद होते. परंतु यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. शिफारस शब्दशः पाळणे आणि तिचा हेतू साधणे या दोन गोष्टी नेहमी एकच नसतात. मात्र 'हेतू साधला' असे म्हणणाऱ्याने तो कसा साधला, याचा पुरावा दिला पाहिजे.

तिसरी शिफारस सर्वांत नाजूक होती. ज्या जागा अतिशय धोक्याच्या आहेत, तेथील घरे सरकारने मालकांच्या संमतीने विकत घ्यावीत आणि तेथे पुन्हा वस्ती होऊ देऊ नये. सरकारने आरंभी ही सूचना मान्य केली नाही. नोव्हेंबर २०१० च्या निवडणुकीनंतर आलेल्या नव्या सरकारने ती स्वीकारली. पण अरण्यालगत असून घर जळालेल्या लोकांपुरती, अशा आखूड रूपात. आपल्या हातांनी बांधलेले घर सोडणे किती कठीण, हे कोणास सांगावयास नको. शिफारस लिहिणे सोपे. ती घेऊन माणसाच्या उंबरठ्यावर उभे राहणे अवघड.

या वेळी व्हिक्टोरियाने एक चांगली गोष्ट केली. माजी पोलीसप्रमुख नील कॉमरी यांची केवळ याच कामासाठी स्वतंत्र निरीक्षक म्हणून नेमणूक केली. सरकारने दिलेल्या वचनांपैकी कोणते पुरे झाले, कोणते रेंगाळले, हे पाहून ते विधिमंडळापुढे अहवाल ठेवीत. पाच टक्क्यांचे उद्दिष्ट व्यवहार्य आहे काय, अशी शंकाही त्यांनी उघडपणे मांडली. पुढे आपत्तिव्यवस्थेवर देखरेख ठेवणारे एक कायम पदही कायद्याने निर्माण झाले. शिक्षकाने गृहपाठ देऊन वह्या तपासल्याच नाहीत, तर किती मुले तो करतील? निरीक्षकाचे काम वह्या तपासण्याचे होते.

त्यानंतर २०१९–२० चा उन्हाळा आला. देशभरात २ कोटी ४० लाखांहून अधिक हेक्टर भूमी जळाली, ३३ माणसे दगावली, तीन हजारांहून अधिक घरे गेली. धुरामुळे झालेल्या मृत्यूंचा अंदाज तर याहून कितीतरी मोठा आहे. ३१ डिसेंबर २०१९ रोजी मॅलकूटा या किनाऱ्यावरील गावी हजारो लोक भरदिवसा काळ्या-तांबड्या झालेल्या आकाशाखाली समुद्रकाठी जमले होते. पुढे नौदलाच्या जहाजांनी शेकडो लोकांना तेथून हलविले. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने मार्क बिन्स्किन यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शाही आयोग नेमला. त्याने ऑक्टोबरमध्ये ८० शिफारशी केल्या. त्याच अहवालात एक बोलकी नोंद आहे. नैसर्गिक आपत्तींविषयी ऑस्ट्रेलियात त्यापूर्वी २४० हून अधिक चौकश्या होऊन गेल्या होत्या! शहाणपणाची उणीव नव्हती. ते अमलात आणण्याची होती.

सरकार शिफारशींना उत्तर देताना जे शब्द वापरते, ते वाचावयास विद्यार्थ्यांनी शिकावे. 'स्वीकारली' म्हणजे करू. 'तत्त्वतः स्वीकारली' म्हणजे कल्पना पटते. पण केव्हा, कोणी व कोणाच्या पैशाने, हे ठरावयाचे आहे. 'नोंद घेतली' म्हणजे वाचली, पुढचे वचन नाही. बिन्स्किन आयोगाने सुचविले की, आग विझविणारी विमाने दरवर्षी परदेशातून भाड्याने आणण्यावर विसंबू नये, कारण उत्तर गोलार्धातील वणव्यांचा हंगाम लांबत चालला आहे. राष्ट्राच्या स्वतःच्या विमानांचा एक माफक ताफा असावा. केंद्र सरकारने याची केवळ 'नोंद घेतली'. आग विझविणे हे राज्यांचे काम, हे त्याचे कारण. संघराज्यात जबाबदारी वाटलेली असते. आणि वाटलेली जबाबदारी दोघांच्या मधून निसटूही शकते.

उलट काही शिफारशी लवकर फळास आल्या. राष्ट्रीय आणीबाणी जाहीर करण्याचा कायदा डिसेंबर २०२० मध्येच झाला. आगीच्या धोक्याच्या सूचना पूर्वी राज्याराज्यांत निराळ्या होत्या. मरे नदीच्या एका तीरावर ऑल्बरी हे न्यू साउथ वेल्समधील शहर, दुसऱ्या तीरावर वोडोंगा हे व्हिक्टोरियातील. आग नदी ओलांडते, पण सूचनेचे शब्द मात्र तीरावर बदलत. सीमाभागात राहणाऱ्या आपल्या वाचकांना ही अडचण वेगळी समजावून सांगण्याचे कारण नाही. १ सप्टेंबर २०२२ पासून साऱ्या देशात मध्यम, उच्च, अतितीव्र आणि प्रलयंकर अशा चारच पायऱ्यांची एक पद्धत सुरू झाली. त्याच दिवशी आपत्तिव्यवस्थापनाची एक राष्ट्रीय संस्थाही कामास लागली. कायदा करणे, संस्था जोडणे, शब्द एक करणे ही कामे तुलनेने लवकर होतात. घरे, तारा आणि अरण्ये यांची कामे रेंगाळतात. त्यांना पैसा लागतो, वर्षे लागतात. आणि तोवर पाऊस पडून डोंगर हिरवे झालेले असतात.

खरी गोम येथेच आहे. लोकांची आठवण आणि सरकारची तत्परता ही दोन्ही राखेबरोबर थंड होतात. ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवासी हजारो वर्षे योग्य ऋतूत लहान, मंद आगी लावून अरण्य सांभाळीत आले. त्यांचे ते ज्ञान दरवर्षीच्या कामात गुंफलेले होते. म्हणून ते विसरले गेले नाही. बिन्स्किन आयोगानेही त्या ज्ञानाचा आदर करून त्याचा उपयोग करावा, असे सुचविले आहे. तापमान पुढील दोन दशके तरी वाढतच राहणार, हेही त्याने बजावले आहे. तेव्हा विसरण्यास आता पूर्वीइतकी सवड उरलेली नाही.

मागच्या बाकावरील त्या मुलास आमचे उत्तर असे आहे. आग विझल्यानंतर सरकार चौकशी करते, अहवाल घेते, काही वचने देते. त्यांतील किती पुरी होतात, हे पुष्कळसे नंतर विचारणाऱ्यांवर अवलंबून असते. काम कोणाकडे सोपविले? मुदत कोणती? पैसा कोठून येणार? तपासणार कोण? आणि न झाल्यास ते उघड कोण सांगणार? हे पाच प्रश्न आग पेटलेली असताना सारेच विचारतात. पावसाळ्यात, डोंगर हिरवेगार असताना, ते विचारणारे नागरिक हवे आहेत. तुम्ही मुले लवकरच मतदार होणार आहात. म्हणून हे प्रश्न आजच वहीत उतरवून ठेवावेत, एवढीच आमची शिफारस आहे. आणि शिफारशींचे पुढे काय होते, हे तर तुम्ही आताच वाचले!