बुटाला चिकटलेली माती



मागच्या महिन्यात आपल्या मराठी वर्गाची सहल ब्राझोस बेंड स्टेट पार्कला गेली होती. मगरी पाहून झाल्या, चिवडा संपला, एल्म लेकभोवती फेरीही झाली. आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता. परत निघताना प्रत्येकाच्या बुटाखाली चिखलाचा जाडजूड तळवा तयार झाला होता आणि गाडीत बसण्याआधी आपण सगळे काटक्यांनी बूट खरवडत उभे होतो. तेव्हा धाकट्या गटातल्या एका मुलीनं मला विचारलं, "काका, ही माती सुटत का नाही?"

मी म्हटलं, "चिकणमाती आहे ना, म्हणून."

ती म्हणाली, "चिकटते म्हणून चिकण आणि चिकण म्हणून चिकटते. हे उत्तर नाही झालं."

बरोबर पकडलं! मी सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी घेऊन पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये शिरलेला माणूस. मातीचा पेपर मी कसाबसा सोडवला होता. पण या प्रश्नामुळे जुनी उजळणी करावी लागली. शिवाय त्याच सुमारास आमच्या घरातलं एक दार आणि अंगणातला एक ओक यांचं भांडण सुरू होतं, तेही या मातीवरूनच. त्याबद्दल पुढे सांगतो.

माती किती बारीक?

मातीचे कण आकारावरून तीन प्रकारचे मानतात. २ ते ०.०५ मिलिमीटरपर्यंत वाळू, त्याखाली ०.००२ मिलिमीटरपर्यंत पोयटा आणि त्याहून बारीक ती चिकणमाती. कल्पना करा, एक मिलिमीटरचा वाळूचा कण फुगवून पाच मीटर रुंदीच्या खोलीएवढा केला, तर त्याच प्रमाणात चिकणमातीचा मोठ्यात मोठा कण जेमतेम शेंगदाण्याएवढा होईल.

आणि हे कण गोल नसतात, पापडासारखे चपटे असतात. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवल्या तर त्या ओढूनही सुटत नाहीत, कारण मध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. तुमच्या बुटाखाली असे असंख्य पापड आणि असंख्य पापुद्रे होते. म्हणून माती सुटत नव्हती.

यातल्या काही पापडांत आणखी एक गंमत असते. स्मेक्टाइट नावाच्या खनिजाचा कण हा जणू पानापानांचा असतो आणि पाणी त्या पानांच्या मध्येही शिरतं. जाडा शब्दकोश बादलीत पडला तर काय होईल? पानं फुगतील, पुस्तक दुप्पट जाड दिसेल आणि वाळलं की पुन्हा आक्रसेल. स्मेक्टाइटची माती हेच करते. पावसात फुगते, उन्हात आक्रसते आणि आक्रसली की उलते, म्हणजे तिला भेगा पडतात.

जंगलात ही माती आली कुठून?

ह्यूस्टनच्या भोवतालचा प्रदेश म्हणजे समुद्राकाठचं सपाट मैदान. ते नद्यांनी गाळ आणून आणून घडवलं. ब्राझोस नदी पश्चिम टेक्सासमधल्या तांबड्या खडकांच्या प्रदेशातून येते, म्हणून तिचं पाणी तांबूस दिसतं. पूर आला की काठाबाहेर पडताना तिचा वेग कमी होतो. जड वाळू काठाजवळच बसते. बारीक चिकणमाती मात्र पाण्याबरोबर दूर जाते आणि पाणी साचून राहील तिथे सावकाश खाली बसते. काठापासून आत, सखल भागात, हजारो वर्षं असे थर साचत गेले.

त्यावर वाढलेलं जंगल म्हणजे कोलंबिया बॉटमलँड्स. ब्राझोस, सॅन बर्नार्ड आणि कोलोरॅडो या नद्यांच्या काठचं हे जंगल आहे (ही कोलोरॅडो टेक्सासमधली, ग्रँड कॅन्यनची नव्हे). त्यात ओक, एल्म, अ‍ॅश, पेकान आणि हॅकबेरी ही झाडं आहेत. एके काळी ते आजच्यापेक्षा कितीतरी मोठं होतं. माती सुपीक म्हणून एकोणिसाव्या शतकात इथल्या मळेवाल्यांनी गुलामांकडून जंगल तोडून घेतलं आणि ऊस व कापूस लावला. आपल्यापैकी बरीच कुटुंबं राहतात त्या शुगर लँड गावाचं नाव त्या उसावरूनच पडलं आहे.

ही माती सुपीक का? चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे कॅल्शियम, पोटॅशियम अशी झाडाची अन्नद्रव्यं त्यांना धरून राहतात, पावसानं सहज वाहून जात नाहीत. दोष असा की पाणी मुरता मुरत नाही. कोरड्या जमिनीवर पहिला पाऊस पडला की पाणी भेगांतून भसाभस खाली जातं. मग माती फुगते, भेगा बुजतात आणि नंतरचं पाणी वरच साचतं. आपण ज्या डबक्यांभोवती फिरून गेलो, ती यामुळेच होती.

स्वतःला उलथवणारी माती

भेग पडली की वरची माती, पालापाचोळा तिच्यात पडतो. पुन्हा पाऊस येतो, माती फुगते, पण भेगेची जागा तर भरलेली! मग फुगलेली माती जाणार कुठे? ती बाजूला आणि वर रेटते. खोलवर मातीचे मोठे तुकडे एकमेकांवर तिरके घसरतात आणि घासून घासून त्यांच्या बाजू चकचकीत होतात. त्यांना स्लिकनसाइड म्हणतात. खड्डा खणून असा तुकडा काढला तर पॉलिश केल्यासारखा दिसतो. वर जमिनीलाही हलके उंचवटे आणि खळगे पडतात. अशा पृष्ठभागाला गिलगाय म्हणतात. हा ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला शब्द आहे.

अशा मातीला व्हर्टिसॉल म्हणतात. लॅटिनमध्ये 'व्हर्टेरे' म्हणजे उलथणे. माझे वडील यवतमाळकडचे शेतकरी. ते इथे आले असताना अंगणातल्या भेगा पाहून म्हणाले, "अरे, हे तं आपलीच काळी होय!" आणि मग हसून म्हणाले, काळी जमीन स्वतःच स्वतःला नांगरते. लॅटिन न शिकता त्यांनी व्हर्टिसॉलची व्याख्या सांगितली.

नावाचा संधी सोडवू या

पण "आपलीच काळी" हे खरं का? इथे वर्गीकरण उपयोगी पडतं. अमेरिकेच्या कृषी खात्यानं १९७५ साली 'सॉइल टॅक्सॉनॉमी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यामागचे प्रमुख शास्त्रज्ञ होते गाय स्मिथ. (नावाला हसू नका!) त्यात आज जगातल्या मातीचे १२ मुख्य गण आहेत आणि गणापासून खाली एकूण सहा पायऱ्या आहेत. संगणकावर आपण एका फोल्डरमध्ये दुसरा, त्यात तिसरा ठेवतो, तसंच.

व्हर्टिसॉल गणात जागा मिळवायला तीन अटी आहेत. वरच्या अर्ध्या मीटरमध्ये निदान ३० टक्के चिकणमाती हवी. ठरावीक काळानं उघडणाऱ्या आणि मिटणाऱ्या भेगा हव्यात. आणि पहिल्या एक मीटरच्या आत स्लिकनसाइडचा किंवा पाचरीच्या आकाराच्या ढेकळांचा, निदान २५ सेंटिमीटर जाड थर सुरू व्हायला हवा. वर जंगल आहे की शेत, याच्याशी देणंघेणं नाही. माती काय करते ते पाहायचं.

ब्राझोसकाठच्या जंगलातल्या अशा एका मातीचं नाव आहे प्लेजर क्ले. आमच्या अंगणातली माती लेक चार्ल्स क्ले. हे पाळण्यातलं नाव, बहुधा एखाद्या गावावरून ठेवलेलं. लेक चार्ल्स हे शेजारच्या लुइझियाना राज्यातलं शहर आहे. पण दोघींचं आडनाव एकच: टिपिक हॅप्लुडर्ट.

आता वर्गात बाईंनी शिकवलेले संधी आठवा. विद्या अधिक आलय, विद्यालय. तसंच हे नाव शेवटाकडून सोडवा. 'अर्ट' म्हणजे व्हर्टिसॉल. 'उड' म्हणजे ओलसर हवामान, लॅटिन 'उडुस'वरून. 'हॅपल' म्हणजे साधी, खास वेगळं लक्षण नसलेली. 'टिपिक' म्हणजे नमुनेदार. थोडक्यात, ओलसर प्रदेशातली, साधी, नमुनेदार, स्वतःला उलथवणारी माती.

दोघी तंतोतंत सारख्या मात्र नाहीत. प्लेजर 'अतिबारीक' गटात, म्हणजे तिच्यात ६० टक्क्यांहून जास्त चिकणमाती आणि खनिजांची मिसळ. लेक चार्ल्स 'बारीक' गटात, पण तिच्यात स्मेक्टाइटचं राज्य. पूर्वी एकीवर जंगल आणि दुसरीवर उंच गवताचं माळरान. नदीकाठी ओल जास्त आणि वणवा सहसा पोचत नसे, म्हणून झाडं टिकली. उघड्या माळावर दुष्काळ आणि वणव्यात गवत टिकलं. जंगलात सावली आणि पाचोळ्यामुळे जमीन हळू वाळते, म्हणून तिथे भेगाही लहान राहतात.

आणि विदर्भातली काळी? नागपूर परिसरातल्या खोल काळ्या जमिनींपैकी बऱ्याच जमिनी 'हॅप्लस्टर्ट' आहेत. फरक दिसला का? 'उड'च्या जागी 'उस्ट'! लॅटिन 'उस्टुस' म्हणजे करपलेला. सर्वसाधारण वर्षात भेगा एकूण ९० दिवसांपेक्षा कमी काळ उघड्या राहिल्या तर उड, ९० दिवस किंवा जास्त राहिल्या तर उस्ट. ह्यूस्टनला वर्षाला साधारण ५० इंच पाऊस बाराही महिने वाटून पडतो. नागपूरला ४० इंचांच्या वर पडतो, पण बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. ती माती बेसॉल्ट खडक झिजून झाली, ही नदीच्या गाळातून. जन्म वेगळा, खंड वेगळा, तरी गण एक आणि फरक एका अक्षराचा. त्या एका अक्षरात अख्खा मान्सून बसला आहे.

गंमत म्हणजे टेक्सासची मानाची माती 'ह्यूस्टन ब्लॅक' ही ह्यूस्टन शहरात नाही, डॅलसपासून सॅन अँटोनियोपर्यंतच्या पट्ट्यात आहे. आणि ती आहे हॅप्लस्टर्ट, नागपूरकरीण!

दार आणि ओक

आता घरचं भांडण. दर ऑगस्टमध्ये आमच्या दिवाणखान्याचं दार चौकटीत अडकायचं आणि भिंतीवर तिरकी चीर दिसायची. घराच्या त्या कोपऱ्यापासून १५ फुटांवर मोठा ओक आहे. दुरुस्तीवाल्यानं येऊन पाहिलं आणि म्हणाला, झाड काढून टाका. मुलं रडकुंडीला आली, त्याच झाडाला त्यांचा झोपाळा आहे.

त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. उन्हाळ्यात ओक जमिनीतलं पाणी ओढतो, तिथली माती जास्त आक्रसते आणि घराचा तो कोपरा किंचित खाली बसतो. वडील म्हणाले, "आमच्याकडे मुरूम लागेपर्यंत पाया खणतात." पण इथे शेकडो फूट खाली गेलं तरी खडक लागत नाही. म्हणून इथली बहुतेक घरं काँक्रीटच्या जाड पाटावर, होडीसारखी, मातीवर ठेवलेली असतात. माती हलली की घर हलतं. २०११ च्या मोठ्या दुष्काळात माती आक्रसून शहरात ठिकठिकाणी पाण्याचे नळ जमिनीखाली फुटले होते, ते अनेकांना आठवत असेल.

पण मोठं झाड एकदम तोडलं तर उलटं संकट येतं. त्यानं ओढून घेतलेली ओल मातीत वर्षानुवर्षं हळूहळू परत येते, माती फुगते आणि तोच कोपरा वर उचलला जातो. म्हणजे मातीचा शत्रू ना पाणी, ना झाड. खरा त्रास असतो तो एका बाजूला ओल आणि दुसऱ्या बाजूला कोरड याचा. शेतकरी पेरणीसाठी वाफशाची वाट बघतो. जमीन फार ओली नको, फार कोरडी नको. घरालाही कायम वाफसाच हवा.

आम्ही एका अभियंत्याकडून घराची पातळी मोजून घेतली. मग पन्हाळीचं पाणी पायापासून दूर नेलं, कोरड्या महिन्यांसाठी घराभोवती, पायापासून दीड फुटावर, पाझरणारी नळी टाकली आणि झाडाखाली पाचोळ्याचा थर राहू दिला, जंगलात असतो तसा. ओक राहिला. दार ऑगस्टमध्ये अजून थोडं कुरकुरतं, पण चीर वाढलेली नाही. प्रत्येक घराचं उत्तर हेच असेल असं नाही. तुमच्याकडे चीर असेल तर आधी जाणकाराकडून मोजून घ्या, मग कुऱ्हाड उचला.

घरी करून पाहा

आपल्याच अंगणातली मूठभर माती घ्या (पार्कमधली आणू नका, तो नियम आहे). खडे काढून, पाणी घालून, पुरणपोळीच्या कणकेसारखी मळा. तिची बरोबर १० सेंटिमीटर लांब वळकटी करा आणि आठवडाभर सावलीत वाळू द्या. मग पुन्हा मोजा. जितकी लांबी कमी झाली तिला वाळलेल्या लांबीनं भागा आणि १०० नं गुणा. उत्तर ३ च्या आत आलं तर माती शांत स्वभावाची. ९ किंवा जास्त आलं तर फारच उसळणारी. प्रयोगशाळेतलं मोजमाप यापेक्षा काटेकोर असतं, पण अंदाज नक्की येईल.

आपापलं उत्तर आणि आपल्या गावाचं नाव कागदावर लिहून पुढच्या शनिवारी बाईंकडे द्या. त्यावरून आपल्या वर्गाचा मातीचा नकाशा काढू. आणि जिनं मला तो प्रश्न विचारला, तिला एवढंच सांगतो: "चिकणमाती आहे ना, म्हणून" हे उत्तर मी मागे घेतलं आहे.