महापुराचे आकाशातून घेतलेले चित्र

ऑगस्ट 2019 मधील कृष्णा-पंचगंगेचा महापूर कोल्हापूर-सांगलीकडील शेतकरी विसरलेले नाहीत. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट आहे. त्या वेळी पाणी 55 फुटांवर चढले होते. वाटा बुडालेल्या आणि वर ढग दाटलेले. अशा वेळी कोणत्या गावांस वेढा पडला, हे ठरवावयाचे कसे? उपग्रहाच्या साध्या छायाचित्रात ढगच तेवढे दिसतात. म्हणून रडार बसविलेल्या उपग्रहांचे साहाय्य घेतात. युरोपचे सेंटिनेल-1 व भारताने 2022 साली सोडलेला ई.ओ.एस.-04 हे त्यांपैकीच होत.

रडारच्या लहरी ढगांतून पार होतात. त्यांस सूर्यप्रकाशही लागत नाही. ढेकळांच्या रानावर आदळून त्यांतील काही माघारी येतात. संथ पाणी मात्र त्यांस आरशाप्रमाणे दुसरीकडे परतविते, म्हणून ते चित्रात काळे उमटते. उन्हाळ्यातील चित्राशी ताडून पाहिले असता नेहमीचे नदीपात्र वगळता येते व पुराचे पाणी निराळे दिसते. हैदराबादचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र असे नकाशे शासनास पुरविते. सेंटिनेल-1 च्या चित्रातील एक ठिपका म्हणजे 10 मीटर लांब व तितकीच रुंद, जवळजवळ एक गुंठा जमीन होय.

तथापि येथेच सावध राहावयास हवे. शिरोळकडे नदीकाठी ऊसच ऊस. डोईपेक्षा उंच उसाच्या बुडाशी कमरेएवढे पाणी असले, तरी या लहरी बहुधा पाल्यावरूनच परततात आणि शेत कोरडे भासते. शिवाय उपग्रह ठरल्या फेरीनेच येतो. पाणी मध्यंतरी चढून ओसरले, तर चित्रास त्याचा पत्ता नसतो. नकाशात रान काळे नाही, एवढ्याच कारणाने ते पंचनाम्यातून वगळणे हा उघड अन्याय होईल.

यास्तव पाणी चढत असतानाच, जीव धोक्यात न घालता, शाळेच्या भिंतीवर किंवा चावडीच्या खांबावर गेरूने खूण करावी व शेजारी तारीख-वेळ लिहावी. फोनने छायाचित्र घेताना स्थाननोंद चालू ठेवावी. बुडालेले गट क्रमांक, पाणी आल्याचा व उतरल्याचा दिवस वहीत टिपावा. खोली आणि मुक्काम एका चित्रावरून कळत नाहीत. पाणी उतरल्यावर ऊस उभा दिसला, तरी पोंग्यात गाळ शिरला आहे काय, हे सरीत उतरूनच पाहावे लागते.