अमेरिकेच्या निवडणुकीत दवाखान्याचे बिल

१२ सप्टेंबर २०११ ची गोष्ट. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातल्या टॅम्पा शहरात रिपब्लिकन पक्षाच्या इच्छुक उमेदवारांची जाहीर वादसभा चालू होती. २०१२ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचे तिकीट कोणाला, यासाठी ही झुंज होती. दूरदर्शनचे निवेदक वुल्फ ब्लिट्झर यांनी एक कल्पित प्रश्न टाकला. तीस वर्षांचा धडधाकट तरुण आहे, नोकरी चांगली आहे, पण आरोग्यविम्याचे हप्ते भरायचे नाहीत असे त्याने ठरवले. अचानक तो बेशुद्ध पडतो आणि सहा महिने अतिदक्षता विभागात ठेवावे लागते. तर मग पैसे कोणी भरायचे?

प्रश्न होता रॉन पॉल यांना. हे गृहस्थ स्वतः डॉक्टर. ते म्हणाले, आपली जोखीम आपण घेणे यालाच स्वातंत्र्य म्हणतात. ब्लिट्झर यांनी पुन्हा विचारले, म्हणजे समाजाने त्याला मरू द्यायचे काय? तेवढ्यात प्रेक्षकांतून दोन-चार आवाज उठले, ‘होय!’ पॉल यांनी मात्र नकार दिला. पूर्वी शेजारीपाजारी, मित्र, चर्च असे मिळून मदत करीत, असे त्यांनी सांगितले. पण तो ‘होय’ साऱ्या देशाने ऐकला आणि पुढचे वर्षभर निवडणुकीत कोणत्या गोष्टीवर डोकेफोड होणार, हे त्यातून कळून चुकले.

वाचकहो, पुढे जाण्यापूर्वी एक खुलासा. रिपब्लिकन हे नाव वाचून आपल्या लोकांना आपला पक्ष आठवणार. नावापलीकडे काही संबंध नाही. एकेकाळी गुलामगिरी मोडणाऱ्या अब्राहम लिंकनचा तो पक्ष, पण दीडशे वर्षांत पुलाखालून बरेच पाणी गेले. आज तो व्यापारी, धर्मनिष्ठ गोरे आणि सरकारने कशातच हात घालू नये असे मानणाऱ्यांचा पक्ष म्हणून ओळखला जातो. समोरचा डेमोक्रॅटिक पक्ष. कृष्णवर्णीयांची बहुसंख्य मते त्याला पडतात.

आता या देशाची दवाखान्याची व्यवस्था पाहू. इतका श्रीमंत देश, पण सर्वांना लागू असे सरकारी औषधपाणी तिथे नाही. बहुतेकांचा विमा नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की विमाही डळमळतो. १९४५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी सर्वांसाठी विमा मांडला, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेनेच त्याला समाजवाद म्हणून हाणून पाडले. वीस वर्षांनी, ३० जुलै १९६५ रोजी, जॉन्सन यांनी म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या दोन योजनांवर सही केली. मेडिकेअरचे पहिले कार्ड मुद्दाम वृद्ध ट्रूमन यांच्याच हाती दिले. पण जो म्हातारा नाही आणि सरकारच्या व्याख्येत बसेल इतका गरीबही नाही, तो मधल्या मध्ये लोंबकळत राहिला. २०११ मध्ये तिथल्या जनगणना खात्याच्या हिशेबाने ४ कोटी ८६ लाख माणसांना विमा नव्हता. ज्याला जुना आजार आहे त्याला कंपनी दारात उभी करीत नसे. मधुमेह असो की कर्करोग, ‘हा आजार आधीपासूनचा’ असा शेरा पडला की अर्ज परत.

ही कोंडी फोडण्यासाठी बराक ओबामा यांनी २३ मार्च २०१० रोजी नव्या कायद्यावर सही केली. जुन्या आजाराचे कारण सांगून विमा नाकारायचा नाही, मुलामुलींना सव्विसाव्या वर्षापर्यंत आईबापांच्या विम्यात ठेवायचे, कमी मिळकतीच्या लोकांच्या हप्त्याला सरकारने हातभार लावायचा. यातील पहिली व तिसरी तरतूद २०१४ पासून लागू व्हायची होती. बदल्यात प्रत्येकाने विमा घेतलाच पाहिजे, नाही तर दंड. याचे कारण साधे आहे. केवळ आजारी माणसेच विमा घेऊ लागली तर गल्ल्यात जमा कमी आणि खर्च जास्त होईल. कोणत्याही भिशीवाल्याला हे समजते. संसदेत या कायद्याला रिपब्लिकन पक्षाचे एकही मत पडले नाही.

आणि इथेच खरी गंमत आहे. हा सक्तीचा विमा कोणाच्या डोक्यातून निघाला? १९८९ मध्ये हेरिटेज फाउंडेशन या उजव्या विचारांच्या संस्थेने तो मांडला होता. तो प्रथम अमलात आणला मॅसॅच्युसेट्स राज्याचे गव्हर्नर मिट रॉम्नी यांनी, १२ एप्रिल २००६ रोजी बॉस्टनच्या ऐतिहासिक सभागृहात समारंभपूर्वक सही करून. हेच रॉम्नी २०१२ मध्ये ओबामांच्या विरुद्ध रिपब्लिकन उमेदवार! उलट २००८ च्या प्रचारात हिलरी क्लिंटन सक्तीच्या बाजूने होत्या आणि ओबामा सक्तीच्या विरोधात. म्हणजे चार वर्षांत दोघांनीही कपडे बदलले, आणि प्रत्येकजण दुसऱ्याच्या अंगावरच्या सदऱ्याला नावे ठेवू लागला. रॉम्नी यांचे पक्षातलेच प्रतिस्पर्धी टिम पॉलेंटी यांनी दोन्ही नावे जोडून ‘ओबामनीकेअर’ असा शब्द काढला होता. रॉम्नी यांचे उत्तर असे, की एका राज्याने स्वतःपुरते करणे वेगळे आणि दिल्लीश्वरांप्रमाणे वॉशिंग्टनने सर्वांवर लादणे वेगळे. (दिल्लीश्वर हा शब्द माझा.) या युक्तिवादात तथ्य नाही असे नाही. पण ज्याला उपचार हवा आहे त्याने राज्य बदलावे काय, याचे उत्तर त्यात सापडत नाही.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ जून २०१२ रोजी निकाल लागला तेव्हा मोठ्या वृत्तवाहिन्यांनी घाईघाईत कायदा रद्द झाल्याचे सांगून टाकले. निकालपत्राची पुढची पाने वाचायला कोणाला वेळ नव्हता. प्रत्यक्षात पाच विरुद्ध चार मतांनी कायदा टिकला होता. निर्णायक मत होते सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांचे, ज्यांना रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष बुश यांनी नेमले होते. दंड हा एक प्रकारचा कर आहे आणि कर लावण्याचा संसदेला अधिकार आहे, असे त्यांनी म्हटले. त्याच दिवशी रॉम्नी यांनी जाहीर केले, न्यायालयाने केले नाही ते मी निवडून आल्यावर पहिल्याच दिवशी करीन.

पण त्याच निकालात एक कलम असे होते, की ज्याची किंमत गरिबांनी मोजली. मेडिकेड योजना वाढवायची की नाही, हे ज्या त्या राज्याने ठरवावे, असे न्यायालयाने सांगितले. वाढीव खर्च पहिली तीन वर्षे पूर्ण केंद्राचा आणि पुढे हळूहळू उतरून नव्वद टक्के केंद्राचा होता. तरी टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी अशा राज्यांनी नकार दिला. कायदा लिहिणाऱ्यांनी गृहीत धरले होते की दारिद्र्यरेषेखालचे सगळे मेडिकेडमध्ये येतील, म्हणून हप्त्याची मदत रेषेच्या वरच्यांनाच ठेवली. परिणाम काय झाला? अशा राज्यांत रेषेच्या थोडे वर असलेल्याला मदत, आणि रेषेखालच्या कितीतरी जणांना काहीच नाही. टेक्सासमध्ये मूलबाळ नसलेला धडधाकट मजूर कितीही गरीब असला तरी त्याला मेडिकेड मिळत नाही. दक्षिणेकडच्या या राज्यांत कृष्णवर्णीयांची वस्ती मोठी आहे. गरीब गोरेही त्यात भरडले गेले, हे विसरू नये.

ऑगस्टमध्ये रॉम्नी यांनी पॉल रायन यांना उपराष्ट्राध्यक्षपदासाठी सोबतीला घेतले आणि वाद म्हाताऱ्यांच्या मेडिकेअरवर घसरला. ओबामांनी मेडिकेअरमधून ७१,६०० कोटी डॉलर काढून घेतले, असा रिपब्लिकन प्रचाराचा घोष सुरू झाला. ही रक्कम दहा वर्षांची, आणि ती म्हाताऱ्यांच्या सवलतीतून नव्हे तर मुख्यतः रुग्णालये व विमा कंपन्यांना द्यायच्या पैशाच्या वाढीतून कापलेली. शिवाय रायन यांनी संसदेत मांडलेल्या स्वतःच्या अंदाजपत्रकात हीच कपात कायम होती! खतावणीत एकच नोंद, पण दुसऱ्याची असली की अफरातफर आणि आपली असली की काटकसर.

सप्टेंबरमध्ये रॉम्नी एका मुलाखतीत म्हणाले, की विमा नसलेल्यालाही हृदयविकाराचा झटका आला तर रुग्णवाहिका येऊन दवाखान्यात नेते. ते खरेच आहे. १९८६ च्या कायद्याने तातडीचा रुग्ण परत पाठवता येत नाही. पण तो कायदा जीव सावरेपर्यंतचा आहे. रोजची रक्तदाबाची गोळी तो देत नाही आणि बिलही माफ करीत नाही. ३ ऑक्टोबरला डेन्व्हरच्या वादसभेत ओबामा फिके पडले. तरी विरोधकांनी चिडवण्यासाठी वापरलेले ‘ओबामाकेअर’ हे नाव आपल्याला आता आवडू लागले आहे, असे त्यांनी तिथे सांगून टाकले. ६ नोव्हेंबरला ते ३३२ विरुद्ध २०६ प्रतिनिधी-मतांनी निवडून आले.

ओबामांच्या बाजूनेही सगळे धुतल्या तांदळासारखे नव्हते. तुमचा जुना विमा आवडत असेल तर तो तसाच राहील, हे त्यांचे वचन खोटे ठरले. २०१३ मध्ये लाखो लोकांना विमा बंद झाल्याची पत्रे आली आणि त्यांना माफी मागावी लागली. सरकारी संगणकाची खिडकी पहिले कित्येक दिवस चाललीच नाही. एवढे होऊनही २०१६ मध्ये बिनविम्याच्या लोकांची संख्या २ कोटी ८१ लाखांवर उतरली होती.

ट्रम्प आल्यावर कायदा मोडण्याचा मोठा प्रयत्न झाला. २८ जुलै २०१७ च्या पहाटे सिनेटमध्ये एक्कावन्न विरुद्ध एकोणपन्नास मतांनी तो फसला. निर्णायक मत जॉन मॅकेन यांचे होते. २००८ मध्ये ओबामांशी लढून हरलेले रिपब्लिकन उमेदवार ते हेच, आणि मेंदूच्या कर्करोगाचे निदान होऊन तेव्हा त्यांना थोडेच दिवस झाले होते. सक्तीचा दंड मात्र २०१९ पासून शून्यावर आणला गेला.

मेडिकेड नाकारलेल्या काही राज्यांत मग लोकांनीच सह्या गोळा करून मतदान घडवून आणले. २०२० च्या जूनमध्ये ओक्लाहोमाने आणि ऑगस्टमध्ये मिसूरीने, राज्यकर्त्यांच्या मनाविरुद्ध, मेडिकेड वाढवायला होकार दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी दोन्ही राज्यांची मते ट्रम्प यांनाच गेली.