ओला केस ताणून पाहावा लागतो

मलकापुरात, आगाशिवनगरच्या एका पार्लरमध्ये हळदीसाठी पर्म, म्हणजे टिकाऊ कुरळे केस, करून घ्यायला आलेली मुलगी कधीची खुर्चीत बसली होती. ताईंनी रॉडचा डबा मात्र उघडलाच नव्हता. आधी विचारपूस.

"काळी मेहंदी लावलीस का गं?"

"एकदाच, ताई. दिवाळीत."

ताईंनी मानेजवळचा एक केस काढला, ओला केला आणि दोन्ही हातांच्या चिमटीत धरून सावकाश ताणला. धडधाकट ओला केस जवळजवळ दीडपट लांबतो आणि सोडला की माघारी येतो. हा लांबला, पण तसाच लुळा राहिला. मग टोकाकडून मुळाकडे बोटं फिरवली. खरखर लागली. केसावरचे खवले उघडे असले की औषध नको तितकं आत शिरतं.

हे एवढं का, तर पर्मचं औषध केस नुसता वळवत नाही, आतून मोडतं. केसातल्या केराटिनला गंधकाचे बंध ताठ धरतात. थायोग्लायकोलेट ते तोडतं, रॉड आकार देतो आणि नंतरचं पेरॉक्साइड ते बंध नव्या जागी जोडतं. अशक्त केसात जोडायलाच काही उरत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये पर्म दाखवणाऱ्या कार्ल नेसलरच्या सुरुवातीच्या प्रयोगांत त्याच्या बायकोचेच केस जळाले होते. स्मूदनिंगचाही पाया बंध तोडून जोडण्याचाच, त्यामुळे तिथेही ही तपासणी हवीच.

खरी भीती काळ्या मेहंदीची. काही पाकिटांत धातूंचे क्षार असतात आणि ते पेरॉक्साइडला भिडले की तापतात. ताईंनी काचेच्या वाटीत वीस व्हॉल्यूमचं पेरॉक्साइड घेतलं, अमोनियाचे थेंब टाकले आणि दोऱ्याने बांधलेली बारीक बट बुडवली. वाटी अर्धा तास ठेवायची असते. इथे त्याआधीच बुडबुडे आले, काच हाताला गरम लागली.

"नाही करायचं," ताई म्हणाल्या.

"हळदीपुरते तरी?"

"टाँगने करून देते. धुतलं की जातील."

केस महिन्याला जेमतेम सेंटीमीटर-सव्वा सेंटीमीटर वाढतो. मेहंदीचा भाग कापून निघेपर्यंत वर्ष-दोन वर्षं सहज जातील, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. मुलगी हिरमुसली.

असा केस एकदा औषधाने विरघळू लागला की कितीही धुऊन तो परत येत नाही. या तपासणीचे ताई पैसे घेत नाहीत. त्यांनी ते घ्यावेत, असं मला मनापासून वाटतं.