धीर द्यायचा म्हणजे काय करायचं?

आज बचतीचा हिशेब बाजूला ठेवू. आज एका आजाराबद्दल बोलायचं आहे. त्याचं नाव मोयामोया. नाव ऐकून आमच्या बैठकीतही पहिल्यांदा हसू फुटलं होतं. पण आमच्या गटातल्या एका ताईच्या दहा वर्षांच्या लेकीला तोच आजार निघाला, आणि सगळ्या गप्प झाल्या.

ती पोर फुंकणीने चूल फुंकत होती. एकदम तिचा उजवा हात लुळा पडला. दहा मिनिटांत पुन्हा चांगला झाला. असं तीनदा झालं. कुणी म्हणालं अशक्तपणा, कुणी म्हणालं बाहेरचं आहे. शेवटी शहरात एमआरआय आणि अँजिओग्राफी झाली, तेव्हा आजार कळला.

या आजारात मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्या हळूहळू अरुंद होतात. मग बारीक, नाजूक रक्तवाहिन्यांचं जाळं तयार होतं. तपासणीच्या चित्रात ते धुरासारखं दिसतं. जपानी भाषेत त्याला मोयामोया म्हणतात. तिथल्या डॉक्टरांनी १९६९ मध्ये हे नाव रूढ केलं. जोराने फुंकलं किंवा हमसून रडलं की श्वास भराभर होतो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि मुळात कमी पडणारं रक्त आणखी कमी होतं. म्हणून हात लुळा पडला. यात बाहेरचं काही नाही, आईची चूक नाही, आणि हा आजार शिवल्याने पसरत नाही.

अरुंद झालेली धमनी औषधाने रुंद होत नाही. म्हणून शस्त्रक्रिया करतात. मुख्य पाट गाळाने भरला तर आपण बाजूच्या पाटातून पाणी घेतो ना, तसंच. कानशिलाजवळच्या कातडीतली धमनी मेंदूवरच्या रक्तवाहिनीला जोडतात, किंवा मेंदूवर नुसती टेकवून ठेवतात. टेकवली असेल तर नवीन रक्तवाहिन्या फुटायला काही महिने लागतात.

आता माझी चूक सांगते. मी त्या ताईंकडे गेले आणि म्हणाले, "काळजी करू नका, सगळं ठीक होईल." त्या म्हणाल्या, "ताई, ते तुम्हाला तरी कुठं ठाऊक आहे? उद्या माझ्यासोबत येता का, ते सांगा." मला उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने गेले.

त्यानंतर गटाने कामं वाटून घेतली. दोघींनी गाईची धार आणि घरची भाकरी सांभाळली. गटातून प्रवासापुरतं कर्ज दिलं. एकीने रेशन कार्ड, आधार कार्ड आणि सगळे रिपोर्ट एका पिशवीत लावले. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया बसते का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारलं. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न वहीत लिहून नेले: धोका काय, किती दिवस राहायचं, शाळा कधी, भावंडांची तपासणी करायची का? घाबरल्यावर ऐकलेलं लक्षात राहत नाही, म्हणून उत्तरंही लिहून घेतली.

तुमच्या गावात असं कुणी असेल तर एवढं पाळा. पाणी कमी पडू देऊ नका. निर्जळ उपास नको. चूल फुंकायला, फुगे फुगवायला लावू नका. रक्त पातळ ठेवायची गोळी मनाने बंद करू नका. शस्त्रक्रियेनंतर कानशिलावर घट्ट रुमाल किंवा हेअरबँड बांधू नका. तोंड वाकडं झालं, हातपाय लुळे पडले, बोलणं अडखळलं, तर पाच मिनिटांत बरं वाटलं तरी थांबू नका. १०८ ला फोन करा. सिकलसेल असलेल्या मुलांच्या आयांनी तर हे नक्की ध्यानात ठेवावं, कारण त्या मुलांनाही असा त्रास होऊ शकतो.

आणि भेटायला जाल तेव्हा "अमक्याचं असंच झालं होतं" ही गोष्ट दारातच ठेवून जा.

ती पोर आता शाळेत जाते. तपासण्या चालूच आहेत, पुढचं पुढे कळेल. तिच्या आईला मी परवा विचारलं, सगळ्यात जास्त आधार कशाचा वाटला? त्या म्हणाल्या, "घरी गाय उपाशी नाही, हे ठाऊक होतं. म्हणून मी लेकीजवळ बसू शकले."

मैत्रिणींनो, येत्या बैठकीत एवढंच विचारा: आपल्यातल्या कुणाची गाय आज आपण बांधायची आहे?